पोपटाशी मैत्री

पोपट कधी पाहिलाच नाही, असा मुलगा महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. गोंदियाजवळच्या मुर्री गावाचेच उदाहरण घ्या. हा सारा मुलूख धानाचा. पावसाळा संपून बांध्यांतील धान पिवळे पडू लागले, की हिरव्या पोपटांचे थवे कलकलाट करीत त्यावर उतरतात. पोपट कणसे भरलेली लोंबी चोचीने कापतो, झाडावर नेतो आणि एका पायात धरून तिचा दाणा न् दाणा सोलून खातो. धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगांनाही तो सोडीत नाही. फाल्गुनात पळस फुलला, की हेच पोपट त्या केशरी फुलांतील मध चाखताना दिसतात. पळसाच्या कळीचा बाक थेट पोपटाच्या चोचीसारखा असतो. म्हणून संस्कृत भाषेत पळसाला ‘किंशुक’ असे गोड नाव आहे. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा त्याचा अर्थ.

असा देखणा पक्षी रोज डोळ्यांपुढे वावरत असला, की साहजिकच मुलांना वाटते, आपल्याही घरी एक पोपट असावा. त्याने आपल्या हातावर बसावे, आपल्याला नाव घेऊन हाक मारावी. ही इच्छा वाईट नाही. परंतु ती पुरी करण्यापूर्वी दोन प्रश्नांचा विचार केला पाहिजे. पहिला प्रश्न असा, की कोणता पोपट घरी आणावा? आणि दुसरा असा, की आणलेल्या पोपटाला आपलेसे कसे करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू. आपल्या शेतांत दिसणारा हिरवा पोपट, ज्याला आपण राघू, रावा किंवा मिठू म्हणतो, तो रानचा पक्षी आहे. नर तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी उमटते. मादीला ती नसते. लोक ‘राघू-मैना’ अशी जोडी लावतात खरी, पण मैना ही राघूची मादी नव्हे. ती अगदी निराळ्या जातीची पक्षीण आहे. पोपट आपले घरटे काड्यांचे बांधीत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी अंडी घालते आणि तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस ती उबवते. पिले बाहेर येतात तेव्हा आंधळी व उघडीबोडकी असतात. पुढे सहासात आठवडे आईबाप त्यांना भरवितात, तेव्हा कोठे ती उडू लागतात. बाजारात चोरून विकली जाणारी पिले पुष्कळदा याच ढोलींतून काढलेली असतात. ढोलीत हात घालून पिले ओढताना काही जखमी होतात, काही वाटेतच मरतात.

हे दुःख आजचे नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात ‘कादंबरी’ नावाचा ग्रंथ लिहिला. मराठीत लांबलचक कथेला ‘कादंबरी’ म्हणतात, तो शब्द याच ग्रंथाच्या नावावरून आला. त्या ग्रंथात वैशंपायन नावाचा एक पोपट शूद्रक राजाला आपली हकीकत सांगतो. विंध्य पर्वताच्या अरण्यात एका प्रचंड सावरीच्या झाडावर शेकडो पोपट राहत होते. एके दिवशी एक म्हातारा शिकारी झाडावर चढला आणि ढोलीढोलींतून पिले काढून, त्यांना मारून खाली टाकू लागला. वैशंपायनाच्या बापाने आपल्या लहानग्याला पंखाखाली झाकून घेतले. बाप मारला गेला. पण त्याच्या पंखाखाली दडलेले पिलू वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वाचले. तेराशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला पिलाच्या बाजूने ही कथा सांगाविशी वाटली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज पोपटाच्या बाजूने कायदाही उभा आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या देशातील रानपोपटांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. कोणाच्या घरी असा पोपट आधीपासून असेल, तर त्याला घाईघाईने उडवून देणेही बरे नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. अन्न शोधणे व ससाण्यापासून जीव वाचविणे त्याला शिकायला मिळालेले नसते. अशा वेळी घरातील मोठ्या माणसांनी वनविभागाच्या कार्यालयात कळवावे. तेथील अनुभवी माणसे त्या पोपटाची योग्य सोय लावतात.

मग हौस पुरी कशी करावी? तिला एक मार्ग आहे. पोपटाच्याच कुळातील बजरीगर नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. १८४० साली जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने तो जिवंत स्थितीत इंग्लंडमध्ये नेला. तेव्हापासून माणसांच्या घरी त्याच्या अनेक पिढ्या जन्मल्या. आपल्याकडे विकले जाणारे बजरीगर असेच पिंजऱ्यात जन्मलेले असतात. आपल्याकडील दुकानांत त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील आणि निराळे. बजरीगर टीचभर लांबीचा असतो. त्याचे वजन अवघे तीस ते चाळीस ग्रॅम भरते. रानातील बजरीगर हिरवा-पिवळा असतो. पाळीव पक्ष्यांत निळे आणि पांढरेही दिसतात.

आता दुसरा प्रश्न. समजा, मुर्रीतील एका मुलाच्या घरी असा बजरीगर आला. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवला आणि मुलाने आनंदाने त्यात हात घातला. पक्षी चीत्कार करीत जाळीवर आदळू लागला. मुलगा हिरमुसला. ‘हा पोपट रागीट आहे,’ असे त्याला वाटले. पण क्षणभर पक्ष्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याचे सोबती सुटले, जागा बदलली, आवाज बदलले. आणि त्यातच त्याच्या अंगाहून कितीतरी मोठा हात वरून खाली आला. रानात पोपटावर झडप घालणारा ससाणा असाच वरून येतो. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, ते सभोवारचा धोका चटकन दिसावा म्हणूनच. तेव्हा हा पक्षी रागीट नव्हता. त्याने धास्ती घेतली होती. रागावलेला कोण आणि घाबरलेला कोण, हे ओळखता येणे ही पोपट पाळणाऱ्याची पहिली परीक्षा होय.

म्हणून पहिले दोनतीन दिवस पक्ष्याला निवांत असू द्यावे. पिंजरा पुरेसा रुंद असावा, म्हणजे पक्ष्याला दोन्ही पंख पसरून इकडून तिकडे जाता येते. तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. त्याची एक बाजू भिंतीला लागून असली, की पक्ष्याला सुरक्षित वाटते. मांजर, चुलीचा धूर आणि कडक ऊन यांपासून तो दूर ठेवावा. न चिकटणारा तवा फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी दगावतो; म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको. गोंदियाकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्याही वर जातो. अशा दिवसांत पक्षी चोच उघडी टाकून पंख अंगापासून दूर धरू लागला, तर त्याला उकाडा असह्य झाला आहे असे समजावे आणि पिंजरा तत्काळ गारव्याला हलवावा. ताजे पाणी दिवसातून दोनदा बदलावे. रात्री दहाबारा तास त्याला शांत झोप मिळावी.

पक्ष्याला आपला आवाज परिचयाचा व्हावा, यासाठी एक सोपी युक्ती आहे. पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर बसून आपला धडा मोठ्याने, पण संथ स्वरात वाचावा. धडा आपला पाठ होतो आणि आवाज त्याचा. चारपाच दिवसांनी तुम्ही जवळ आलात तरी पक्षी दाणे टिपत राहिला, तर पहिली पायरी चढलात असे समजा.

दुसरी पायरी हाताची. प्रथम हात पिंजऱ्याच्या बाहेर टेकवून ठेवावा, हलवू नये. मग जाळीतून राळ्याचे कणीस पुढे करावे. बजरीगराला राळा फार आवडतो. पक्षी निर्भयपणे ते टिपू लागला, की कणीस धरलेला हात हळूच दारातून आत न्यावा. हात वरून नव्हे, समोरून व खालच्या बाजूने न्यावा. शेवटी बोट आडवे धरून त्याच्या पोटाला, पायांच्या किंचित वर, अलगद टेकवावे. पक्षी आपसूक एक पाय उचलून बोटावर ठेवतो. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. त्यांची चिमुकली पकड आपल्या बोटावर जाणवते, तो क्षण मोठा आनंदाचा असतो. या साऱ्याला एखाद्याच्या घरी पंधरा दिवस लागतील, तर एखाद्याच्या घरी तीन महिने. रोज दोन वेळा दहादहा मिनिटे पुरेत. पक्षी मान वळवून दूर सरकला, की त्या वेळचा धडा संपला असे समजावे.

या कामी तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पक्ष्याला कधीही मुठीत आवळू नये. माणसाच्या छातीत श्वासासाठी जसा एक स्नायूंचा पडदा असतो, तसा पक्ष्याला नसतो. तो छातीचे हाड पुढेमागे हलवून श्वास घेतो. छातीच दाबली गेली, तर नाक मोकळे असूनही तो गुदमरून मरतो. प्रेमाने घट्ट धरलेला पक्षीही असाच मरतो, हे विसरू नये. दुसरे, भुकेले ठेवून पक्ष्याला हातावर येण्यास भाग पाडू नये. एवढ्याशा जिवाला उपास सोसत नाही. तिसरे, तो चावला तर ओरडू नये अथवा त्याला मारू नये. आपण हात शांतपणे मागे घ्यावा आणि तो का घाबरला असेल, याचा विचार करावा. पक्ष्याला खोलीत मोकळे सोडण्यापूर्वी दारेखिडक्या लावाव्यात आणि छताचा पंखा बंद करावा. या एका विसरण्याने कितीतरी पाळीव पक्षी प्राणास मुकतात.

पोपट शब्दांनी बोलो वा न बोलो, अंगाने तो सदैव बोलत असतो. पिसे अंगाशी चापून तो ताठ उभा राहिला, तर त्याला भीती वाटत आहे. पुढे झुकून चोच उघडली, तर ‘जवळ येऊ नका’ असा तो इशारा आहे. एक पाय पोटाशी घेऊन, पिसे किंचित फुलवून तो उभा असेल, तर तो विसावला आहे. झोपेपूर्वी चोच कुरकुर वाजविणे हे समाधानाचे लक्षण. डोके खाली करून मानेची पिसे पुढे केली, तर ‘खाजवा’ अशी ती विनंती असते. आणि हा मान तो सर्वांनाच देत नाही. परंतु भरदिवसा पिसे फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून तो बराच वेळ बसला व खाणे सोडले, तर तो आजारी आहे. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या पहिल्यांदा नजरेत भरतो. म्हणून पक्षी आपले आजारपण शेवटपर्यंत लपवितो. ते दिसू लागले, की एक दिवसही न दवडता पशुवैद्याकडे जावे.

खाण्याविषयी लोकांच्या पुष्कळ चुकीच्या समजुती आहेत. पोपट म्हटला की मिरची, असे आपण मानतो. मिरचीने त्याचे तोंड भाजत नाही, हे खरे. कारण आपल्या जिभेला मिरचीची जी आग होते, ती पक्ष्यांना जाणवत नाही. पण केवळ मिरचीवर किंवा केवळ दाण्यांवर कोणताच पोपट निरोगी राहत नाही. बजरीगराला राळा, वरी, बाजरी यांच्या जोडीला कोथिंबीर, पालक, किसलेले गाजर द्यावे. चहा, चॉकलेट, कांदा आणि खारट, तळलेले पदार्थ मात्र कधीही देऊ नयेत.

आता मुलांना सर्वांत आवडणारी गोष्ट, म्हणजे बोलणे. पोपट बोलतो तरी का? रानात तो थव्याने राहतो आणि थव्यातील सोबत्यांचे आवाज ऐकून ते आपलेसे करतो. घरात त्याला पोपटांचा थवा नसतो. तेव्हा घरची माणसे हाच त्याचा थवा होतो. आपले शब्द उच्चारून तो जणू म्हणतो, ‘मीही तुमच्यातलाच आहे.’ म्हणून एकच छोटा शब्द, रोज त्याच प्रसंगी, स्पष्टपणे व मायेने बोलावा. बजरीगरांत नर अधिक बोलतो. वयात आलेल्या नराच्या चोचीवरील नाकपुड्यांची कातडी बहुधा निळी असते. कॅलिफोर्नियातील ‘पक’ नावाच्या एका बजरीगराला १,७२८ शब्द येत होते, अशी गिनीजच्या विक्रमग्रंथात नोंद आहे. मात्र सगळेच बजरीगर बोलत नाहीत. न बोलणाऱ्याला कमी लेखू नये.

अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. हा शब्द पोपटावर काहीसा अन्याय करणारा आहे. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीने १९७७ साली आफ्रिकेतील करड्या जातीचा एक पोपट दुकानातून विकत घेतला. त्याचे नाव ॲलेक्स. २००७ साली तो मरण पावला. तोवर तीस वर्षे त्यांनी त्याला शिकविले. ॲलेक्सला सुमारे पन्नास वस्तूंची नावे येत. तो सात रंग व पाच आकार ओळखी आणि सहापर्यंतच्या वस्तू मोजून सांगे. दोन वस्तू पुढे ठेवून ‘यांत वेगळे काय?’ असे विचारले, तर ‘रंग’ किंवा ‘आकार’ असे नेमके उत्तर तो देई. फरक नसेल, तर ‘काही नाही’ असे सांगे. शिकविणाऱ्याने घाई केली नाही, म्हणून शिकणाऱ्याची बुद्धी दिसून आली.

एवढी बुद्धी असलेल्या जिवाला सोबत लागते, हे ओघानेच आले. दिवसभर शाळेत राहणाऱ्या मुलाने एकटा पक्षी पाळण्यापेक्षा जोडी पाळावी. जोडी माणसाळण्यास अधिक वेळ घेते. पण ती एकाकीपणाने झुरत नाही. बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो. आज सहावीत असलेला मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत त्याची जबाबदारी संपत नाही. सुट्टीत गावाला जाताना, परीक्षेच्या दिवसांत, कंटाळा आलेल्या सकाळी, पाणी बदलावेच लागते. एवढी तयारी नसेल, तर पक्षी न आणणे हेच त्याच्यावरील खरे प्रेम.

आणि पक्षी घरी न आणताही त्याच्याशी मैत्री करता येते. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) हे वनाधिकारी गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या परिसरात राहिले, तेथील तळी व जंगले त्यांनी डोळसपणे पाहिली, आणि पुढे ‘पक्षिकोश’ लिहून मराठीला पक्ष्यांच्या नावांचे मोठे धन दिले. याच जिल्ह्यात सारस हा उंच, डौलदार पक्षी धानाच्या बांध्यांत घरटे करतो. कित्येक शेतकरी आपल्या बांधीतील त्याचे घरटे जपतात, अंड्यांना धक्का लागू देत नाहीत. सारस त्यांच्या हातावर बसत नाही, त्यांचे नावही घेत नाही; तरी दरवर्षी तो त्यांच्याच शेतात परत येतो. हीही एक मैत्रीच.

मुलांनो, ‘माणसाळणे’ या शब्दात ‘माणूस’ दडलेला आहे. पक्षी माणसाजवळ यावा, असे वाटत असेल, तर माणसाने आधी त्याला भिण्याचे कारण उरू देता कामा नये. बळाने पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवता येते, पण बोटावर बसविता येत नाही. दार उघडे असताना तो आपण होऊन तुमच्याकडे आला, तरच तो तुमचा झाला.

शब्दार्थ

बांधी : धानाचे बांध घातलेले शेत. धुरा : शेताचा बांध. ढोली : झाडाच्या खोडातील पोकळी. कंठी : गळ्याभोवतीचे वळे. राळा : बारीक दाण्यांचे एक धान्य. कटाक्षाने : काळजीपूर्वक, न चुकता. विदुषी : विद्वान स्त्री.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पळसाला ‘किंशुक’ हे नाव का मिळाले?
(आ) बजरीगर मूळचा कोणत्या देशातील?
(इ) वैशंपायनाचा जीव कसा वाचला?

२. कारणे द्या.
(अ) पक्ष्याला मुठीत आवळू नये.
(आ) पक्ष्याकडे हात वरून नेऊ नये.
(इ) पक्षी आपले आजारपण लपवितो.

३. पोपट पुढील गोष्टी करतो तेव्हा त्याला काय सांगावयाचे असते?
पिसे अंगाशी चापणे. मानेची पिसे पुढे करणे. चोच कुरकुर वाजविणे.

४. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
धास्ती घेणे, प्राणास मुकणे, कमी लेखणे, आपलेसे करणे.

५. ‘पोपटपंची हा शब्द पोपटावर अन्याय करणारा आहे.’ या विधानाविषयी तुमचे मत आठदहा ओळींत लिहा.

६. उपक्रम : तुमच्या घराजवळ येणाऱ्या एका पक्ष्याचे पंधरा दिवस दुरून निरीक्षण करा. तो केव्हा येतो, काय खातो, कशाला भितो, याची वहीत नोंद ठेवा.